डाव्या हातांचा तास

आमच्या जाऊबाईंचा एकही फोटो नीट आलेला नाही, आणि हे मी अधिकारानं सांगू शकते, कारण फोटो काढणं हाच माझा धंदा आहे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मी पासपोर्टचे फोटो काढते. रडकी पोरं, मिशीवरून कंगवा फिरवल्याशिवाय बूड न टेकणारे म्हातारे, आरशासमोरून न हलणाऱ्या मुली, सगळे माझ्या स्टुलावर येऊन गप्प बसतात. जाऊबाई बसत नाहीत. मी "तयार?" म्हटलं की त्या "हो" म्हणून मान हलवतात आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं येतं. घरातल्या फोटोंत तर त्या कायम अर्ध्याच सापडतात. कुठे एक कोपर, कुठे पाठीवरची वेणी, कुठे दाराबाहेर निघालेली टाच.

शाळेतली मुलं त्यांना भिंगरीबाई म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि त्यांचं काही म्हणणंही नाही. त्या सातवीला गणित शिकवतात. वर्गातली खुर्ची त्यांच्या लेखी पर्स ठेवायची जागा. फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत, तिथून खिडकीशी, खिडकीपासून परत फळ्याशी, असा त्यांचा तास चालतो. घरीही तेच. चहाला उकळी फुटेपर्यंत त्या दोन खोल्या झाडून येतात. आमच्या सासूबाई म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे हे आधी कळलं असतं तर मी हिच्या वडिलांना सांगितलं असतं, एखादा पोस्टमन बघा म्हणून."

माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, याच्या अगदी उलट. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहेत. एकदा बसले की पुढ्यातलं वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्यानं उचलून हातात द्यावं लागतं. आम्हा नवराबायकोची सरासरी काढली तर माणसाचा वेग येतो, असं जाऊबाईच एकदा म्हणाल्या होत्या.

अशा बाईनं एका शाळेत, एका मजल्यावर, एकाच इयत्तेत अठरा वर्षं काढली. कधीतरी काहीतरी होणार, हे मला कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी त्या स्टुडिओत आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसल्या, उठल्या, मागचा पांढरा पडदा सारखा केला आणि पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मी परदेशात शिकवायला जाणार."

"कुणी बोलावलंय?"

"अजून कुणी नाही. आधी पात्रता मिळवावी लागते."

"म्हणजे? इतक्या वर्षांची नोकरी, ती शिक्षकाची पदवी, ते सगळं काय मग?"

"ते इथं चालतं. आंतरराष्ट्रीय शाळांना पुरत नाही. वर्षभराचा अभ्यासक्रम असतो, संगणकावर. शेवटी आपल्याच वर्गावर तास घेऊन दाखवायचा. परीक्षक तिकडे बसून बघतात."

"पण इथं काय कमी आहे?" सासूबाईंचा प्रश्न मी सासूबाईंच्या आधी विचारून टाकला.

त्या पडद्यापासून दिव्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "कमी काही नाही गं. मला सगळं माहीत आहे, हाच त्रास आहे. वर्गात पाऊल टाकायच्या आधी माहीत असतं, मी काय म्हणणार, पोरं काय म्हणणार, कुठे हसणार. घंटा वाजायच्या आधी माझा खडू खाली ठेवलेला असतो. मला एकदा तरी अशा वर्गात उभं राहायचंय, जिथं पुढचं वाक्य मला माहीत नसेल."

जाणारी माणसं मी रोज बघते. कुणी कशाच्या तरी मागे निघालेला असतो, कुणी कशापासून तरी पळत असतो. जाऊबाई पळत नव्हत्या. त्या येरझाऱ्या घालत होत्या आणि त्यांना जागा पुरत नव्हती, इतकंच.

मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. मी या घरात आले तेव्हा मूग गिळून बसायचे. सासूबाई बोलायच्या आणि मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. तिथून मला बाहेर काढलं ते जाऊबाईंनी. "सासूबाईंना उत्तर द्यायचं असेल ना, तर भांडी घासताना द्यायचं," त्यांनी सांगितलं होतं. "अर्धं त्यांना ऐकू जात नाही, आणि आपलं पूर्ण बोलून होतं." त्या दिवसापासून आमच्या घरातली भांडी लखलखतायत. आता ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं तीच उठून समुद्रापार जाणार म्हणत होती, आणि मी काय, टाळ्या वाजवायच्या?

घरी भाऊजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. तिथंही जागा कमी पडली की येईल परत."

नऊ दिवस गेले, महिने गेले, उत्साह काही उतरला नाही. मागच्या खोलीत इस्त्रीच्या उंच टेबलावर लॅपटॉप उघडून जाऊबाई रोज संध्याकाळी उभ्या राहायच्या. हो, उभ्या. पडद्यावर त्यांच्या मॅडम यायच्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या, प्रश्न विचारून झाल्यावर नुसत्या बघत राहणाऱ्या. मॅडम गप्प बसल्या की जाऊबाई त्यांच्याही वाट्याचं बोलून टाकायच्या. मी दारातून जाता येता ऐकायचे. इंग्रजी मला तोडकंमोडकं कळतं, पण समोरच्याला बोलायला मिळत नाहीये हे कुठल्याही भाषेत कळतं.

दर आठवड्याला एक काम असायचं. आपल्या एका तासाबद्दल लिहायचं, आणि त्यात काय चुकलं तेही लिहायचं. जाऊबाई अडल्या त्या इथंच. काय बरोबर आलं ते लिहायची सवय; वर पाठवायचे सगळे अहवाल तसेच असतात. चुकलं काय, ते लिहायला पेनच उचलेना. एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, खरं सांग, माझं काय चुकतं?"

जावेला हा प्रश्न विचारायचा नसतो. शहाण्या बायका विचारत नाहीत. मी हातातलं काम खाली ठेवलं.

"सांगू? पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही कधी कुणाला..."

"बोलू देत नाही," त्या म्हणाल्या.

मी नुसतं बघत राहिले. त्यांच्याही लक्षात आलं. त्या आधी हसल्या, मग गेल्या आणि लिहायला लागल्या, आणि त्या आठवड्याच्या कामाला म्हणे वर्षातली सगळ्यात चांगली श्रेणी मिळाली. मला त्याबद्दल कुणी काही दिलं नाही.

आता डाव्या हातांबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जाऊबाई नोकरीला लागल्या त्या वर्षी शाळेची तपासणी होती. तपासनीस वर्गात येऊन मागे बसतात, आणि बाईंनी प्रश्न विचारल्यावर किती हात वर होतात ते बघतात. जाऊबाई तेव्हा नव्या आणि हुशार. त्यांनी आदल्या दिवशी मुलांना सांगितलं, "उद्या प्रत्येकानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी उजव्यांनाच विचारीन. डाव्यांनी बिनघोर राहायचं." दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हात वर करून बसलेला आणि ज्याला विचारावं तो बरोबर सांगतोय. तपासनीस थक्क झाले. मुख्याध्यापकांच्या कानावर युक्ती गेली, त्यांनी ती सगळ्या वर्गांना लागू केली, आणि तेव्हापासून त्यांच्या शाळेत परका माणूस आला की पोरांचे हात आपोआप वर जातात. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात. कुणाला काही सांगावं लागत नाही.

युक्ती घरीही आली. "गॅस बंद केलास का?" असं सासूबाईंनी विचारलं की माझा नवरा गुपचूप डावा हात वर करतो. डावा म्हणजे, येत नाही, माहीत नाही, पण कृपा करून विचारू नका. आणि आमच्याकडे डाव्या हाताला कुणी विचारत नाही, हा घरचा कायदा.

वर्ष सरत आलं. पडद्यावरच मुलाखत झाली आणि समुद्रापारच्या एका शाळेनं जाऊबाईंना होकार दिला. पण पात्रता हातात पडली तरच. नव्या वर्षाची शाळा उघडेपर्यंत ती मिळाली नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. सगळा अभ्यास पार पडला होता, राहिला होता तो प्रत्यक्ष तास. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

आणि शेपूट चांगलंच अडकलं होतं. जाऊबाईंनी सरावाचे दोन तास चित्रित करून पाठवले होते, ते दोन्ही परत आले. मॅडमचं म्हणणं एकच. "तुमच्या वर्गात कुणीच चुकत नाही. हे मला विचित्र वाटतं. ज्यांना येत नाही ती मुलं कुठे असतात?"

जाऊबाई त्या संध्याकाळी गच्चीवर इतक्या फिरल्या की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, काही हरवलंय का. मी वर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला दिसलेलं नाही, पण वास लागलाय."

"मग आता?"

"आता ते बंद. मी पोरांना सांगणार. ज्याला येतं त्यानंच हात वर करायचा. कुठलाही. आणि मी ज्याला येत नाही त्याला विचारणार. हा तास गेला तर सगळं गेलं, कळतंय ना तुला? परत वर्ष नाही मिळणार. ती शाळा थांबणार नाही, आणि मीही आता इथं थांबू शकणार नाही. मग मी काय करू, सांग?"

आवडो न आवडो, त्या नापास होऊन घरात फिरत राहिलेल्या मला बघवल्या नसत्या.

तासाच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन शाळेत गेले. कॅमेरा तिवईवर लावून चाललं नसतं. तिवई एका जागी उभी राहते, जाऊबाई राहत नाहीत. म्हणून मी कॅमेरा हातात धरून त्यांच्या मागे फिरायचं ठरलं. वर्गातल्या खुर्चीला अखेर काम मिळालं, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्यात मॅडम बसल्या. मुख्याध्यापक मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाक सातवीच्या मापाचा होता आणि मुख्याध्यापक सातवीच्या मापाचे नव्हते. पंखा खडखडत होता. पोरं इतकी शांत होती की मला शंका यायला हवी होती. अळीमिळी गुपचिळी.

जाऊबाईंनी फळ्यावर लिहिलं, उणे दोन गुणिले उणे तीन. खाली लिहिलं, अधिक सहा. मग मुलांकडे वळून इंग्रजीत विचारलं, "दोन उण्यांचा गुणाकार अधिक का येतो? कोण सांगेल?"

सगळा वर्ग हात वर करून बसला.

उजवे आणि डावे. नेहमीसारखे. जाऊबाईंनी पोरांना बजावलं होतं, आणि पोरांनी मान डोलावून ऐकलंही होतं. पण नंतर आपसात ठरवलं होतं की आज बाईंची परीक्षा आहे, बाईंना सांभाळून घ्यायचं. पास झाल्या तर बाई जाणार हेही त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हात वर केले.

कॅमेऱ्यातून मला जाऊबाईंचा चेहरा जवळून दिसत होता. त्यांची मान आपोआप उजवीकडच्या पहिल्या बाकाकडे वळली. तिथं वर्गातला पहिला नंबर हात ताणून बसला होता, उत्तर त्याच्या ओठावर होतं. त्याला विचारलं की झालं. मॅडमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. मी मनात म्हटलं, विचारा त्याला आणि मोकळ्या व्हा.

जाऊबाईंनी मान परत फिरवली आणि त्या खिडकीशी गेल्या. तिथं एक मुलगी बसते, वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकलेला नसावा. वर्गात तिला खिडकीवाली म्हणतात. तिचा हात वर होता, कोपरात किंचित वाकलेला.

"तू सांग," जाऊबाई म्हणाल्या.

खिडकीवालीनं आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग बाईंकडे. आपण शब्द पाळला आणि समोरच्यानं मोडला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. आणि मग ती इंग्रजीबिंग्रजी विसरून आपल्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, मी डावा वर केलाय."

मुख्याध्यापक खोकले. हात एकेक करून खाली यायला लागले, आधी डावे.

"काय म्हणाली ती?" लॅपटॉपमधून मॅडमनी विचारलं.

त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. हात दुखतोय म्हणते. पाणी प्यायला जाऊ का म्हणते. मॅडमना आमची भाषा काय कळणार होती? जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याआडून मानेनं माझ्या हाताकडे खूण केली, दुखतोय म्हणून सांगा अशी.

त्या लॅपटॉपकडे वळल्या. "ती म्हणते, तिनं डावा हात वर केलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिला येत नाही. आमच्याकडे ज्यांना येत नाही ती मुलं डावा हात वर करतात. मी त्यांना विचारू नये म्हणून. ही पद्धत कुणी दुसऱ्यानं नाही, मीच लावली."

मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम कुणाच्या तरी आजीसारख्या दिसायला लागल्या. "किती दिवस आहेत हे डावे हात वर?"

"अठरा वर्षं."

मॅडमनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "तास चालू आहे तुमचा."

जाऊबाई खिडकीवालीच्या बाकाशी उकिडव्या बसल्या. आपल्या भाषेत, अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. हात खाली घे. काय येत नाही ते सांग."

मुलगी बराच वेळ बाकावरची रेघ नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता, दोनदा नाही म्हटलं की हो होतं. पण माझी आई दोनदा नाही म्हणते तेव्हा नाहीच असतं."

वर्ग फुटला. मुख्याध्यापकसुद्धा हसले आणि मग आठवण येऊन गंभीर झाले. मी जाऊबाईंवर कॅमेरा धरला. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. उत्तर आलं नाही. माझे हात सवयीनं त्यांच्या पुढच्या पावलाची वाट बघत होते, आणि पाऊलही आलं नाही. त्या तिथंच होत्या, बाकाशी, आणि त्यांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "माझीही आई तशीच होती. मग दोन उण्यांचं काय करायचं? डावे हात ज्यांचे होते ते बोला. बाकीच्यांनी जरा थांबा."

मग जो गोंधळ झाला त्याला तास म्हणायचं की बाजार, ते मला माहीत नाही. एक म्हणाला, मला तर एकच उणे कळलेलं नाही, तुम्ही दोन कुठून आणलीत? पहिला नंबर समजावून सांगायला उठला आणि "नियमच आहे तसा" इथं अडकून लाल झाला. अर्धं इंग्रजी, अर्धं आपलं. जाऊबाई मध्येच थांबून मॅडमना सांगायच्या कोण काय म्हणतंय, आणि परत पोरांत शिरायच्या. शेवटी त्यांनी फरशीवर खडूनं रेघ मारली, फळ्यापासून खिडकीपर्यंत, आणि खिडकीवालीला रेघेच्या मध्यावर उभं केलं. फळ्याकडे तोंड म्हणजे अधिक. मागे वळलं की उणे. पुढे चालणं अधिक, उलटं चालणं उणे.

"आता वळ," एक पोरगा ओरडला. ती खिडकीकडे वळली. "आणि उलटी चाल." ती उलटी चालायला लागली, एक पाऊल, दोन पावलं, पाठ करून. तिची पाठ फळ्याला टेकली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "ही तर फळ्याकडेच आली."

तेवढ्यात घंटा झाली. जाऊबाईंच्या हातात खडू तसाच होता. ठरवलेल्या धड्यातलं निम्मंही झालेलं नव्हतं. मॅडम "आभार" म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

जिन्यात मुख्याध्यापकांनी गाठलं. "बाई, काय गरज होती? शाळेची अब्रू गेली. हाताला मुंग्या आल्या म्हणते, असं सांगायचं." मीही तेच सांगायला खुणावत होते, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. "सर, तुम्ही जरा डावा हात वर करा," मी म्हटलं, आणि जाऊबाईंना ओढत खाली नेलं.

त्या वाटेत एकच वाक्य बोलल्या. "गेलं सगळं."

निकाल येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. जाऊबाईंनी कपाटं आवरली, मग परत विस्कटून आवरली. सासूबाईंनी त्यांना दळण आणायला पाठवलं तर त्या दुसऱ्याच गिरणीतून, लांबचा फेरा घालून आल्या. भाऊजी, जे कधी काही बोलत नाहीत, ते एका संध्याकाळी खुर्चीतून उठले आणि गच्चीवर जाऊन बायकोबरोबर चकरा मारायला लागले. त्यांना दम लागत होता. खाली आल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं, नऊ दिवसांत होईल बरी. आता वाटतं, न गेली तरच आजारी पडेल."

निकाल दुपारी आला. मी स्टुडिओत होते. जाऊबाई आल्या, स्टुलावर बसल्या.

"धडा अपुरा राहिला, असा शेरा आहे," त्या म्हणाल्या. "नियोजन ढिसाळ, असाही."

मी दिवा बंद केला.

"आणि पास."

आमचं काय झालं ते सांगत नाही. गिऱ्हाईक आलं होतं, ते बघून परत गेलं. डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "व्हिसाला फोटो लागेल. काढ." मी दिवे लावले. "तयार?" म्हटलं. त्यांनी मान हलवली नाही. फोटो स्पष्ट आला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरचा बारीक व्रण, सगळं जागच्या जागी. इतकी वर्षं जो फोटो मला मिळत नव्हता तो मिळाला, आणि मला तो नको झाला.

पण निघायच्या आधीचे दिवस त्यांचे काही सुखाचे गेले नाहीत. शाळेत डावा-उजवा बंद झाला होता, निदान त्यांच्या वर्गात. पोरं आता इतकं विचारत की एक गणित दोन दिवस चाले. खिडकीवाली तर खिंड लढवायला उभी राहिल्यासारखी विचारी. जाऊबाई घरी येऊन सांगायच्या आणि सांगता सांगता गप्प व्हायच्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "जे शोधायला चाललीस ते इथंच सापडलं ना? मग बस की."

"सापडलं म्हणून तर जायचंय," जाऊबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "इथं पोरांना मी पाठ झालेय, मला पोरं. तिथं डावा हात मलाच वर करावा लागेल. रस्ता विचारायला, भाजी विचारायला, सगळ्याला. या वयात जमेल का, ते बघू दे. नाही जमलं तर येईन. पण न बघता इथं बसले तर तुमच्या फरश्या झिजवीन." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात म्हणाल्या, "पोरांना सोडून जाताना पोटात तुटतं. ते तुटू दे."

सासूबाई भांडी घासायला बसल्या, आणि त्या काय पुटपुटत होत्या ते आम्हाला अर्धंच ऐकू आलं.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती. भाऊजी मोठी बॅग घेऊन जिना उतरत होते, प्रत्येक वळणावर थांबत. सासूबाई दारात आल्या, "पोचल्यावर कळव" म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या. जाऊबाई दारात उभ्या राहून मला सूचना देत होत्या. सासूबाईंच्या गोळ्या जेवणानंतर, आधी नाही. पाण्याच्या टाकीचा नळ उलटा फिरवायचा. भाऊजींना चहा मागायची सवय नाही, त्यांना विचारायचं. मी हो हो म्हणत होते.

"सगळं येतं ना तुला?" त्यांनी विचारलं. त्यांची टाच दाराबाहेर पडली होती.

हो म्हणायला काय जात होतं? टाकीचा नळ येत होता, गोळ्या येत होत्या. मी डावा हात वर केला.

घरच्या कायद्याप्रमाणे त्यांनी विचारायला नको होतं. त्या मागे फिरल्या आणि उंबऱ्याच्या आत आल्या.

"काय येत नाही?"

"जाऊबाई," मी म्हटलं, "तुम्ही नसताना या घरात मला..."

ते वाक्य त्यांना माहीत होतं. मला बोलायला शिकवलं होतं त्यांनी, माझं कुठलं वाक्य त्यांना माहीत नव्हतं? त्यांनी ते पूर्ण केलं नाही. त्या थांबल्या. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, भाऊजींनी जिन्यातून हाक मारली, तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या, जराही न हलता.

"कुणाशी बोलायचं ते येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पर्स खाली ठेवली आणि डावा हात वर केला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो तेव्हा टॅक्सीवाल्यानं दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.